खेळण्यातील साखळी आणि साक्षीचा प्रश्न
एका लघुसंहितेचे परीक्षण

संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली ही केवळ यंत्राला दिलेली सूचना नसते. जी आज्ञावली शिकविण्याच्या हेतूने लिहिली जाते, तिचा खरा वाचक माणूसच असतो. म्हणून अशा रचनेचे परीक्षण इतर कोणत्याही शास्त्रीय गद्याप्रमाणे करणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे. तिने काय सांगितले, काय गाळले, आणि गाळलेल्या गोष्टींमुळे वाचकाची कोणती समजूत चुकीची होते, हे प्रश्न तिलाही विचारता येतात.

कूटचलन व ब्लॉकचेन यांची ओळख करून देणाऱ्या लघुरचनांचा एक स्वतंत्र वर्गच गेल्या काही वर्षांत निर्माण झाला आहे. त्यांपैकी जेराल्ड नॅश यांनी २०१७ साली पायथन भाषेत रचलेले ‘स्नेककॉइन’ हे खेळण्यातील नाणे विशेष गाजले. पन्नासहून कमी ओळींत साखळी उभी करून दाखविणे, ही त्याची प्रतिज्ञा होती. पुढील भागात त्यांनी तिला व्यवहार, श्रमाचा पुरावा आणि अनेक संगणकांचे एकमत यांची जोड दिली. विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या अनेक अनुकरणांचा साचा हाच आहे. प्रस्तुत परीक्षणात या संहितेचा विचार करावयाचा असून, तिच्या दाव्यांची कसोटी भिवंडीसारख्या उधारीवर आणि नोंदवहीवर चालणाऱ्या गावाच्या संदर्भात घ्यावयाची आहे.

१. संहितेचे स्वरूप

या रचनेत एका ठोकळ्याचे पाच घटक आहेत: अनुक्रमांक, वेळ, मजकूर, मागील ठोकळ्याचा हॅश आणि स्वतःचा हॅश. हॅश म्हणजे कोणत्याही लांबीच्या मजकुरापासून ठराविक गणिताने काढलेला ठराविक लांबीचा ठसा. येथे ‘शा-२५६’ ही रीत वापरली आहे. तिचा ठसा दहा अंक व सहा अक्षरे यांतून निवडलेल्या ६४ चिन्हांनी लिहिला जातो. मजकुरातील एक काना बदलला तरी ठसा पूर्णपणे बदलतो, आणि ठशावरून मूळ मजकूर काढण्याचा व्यवहार्य मार्ग ज्ञात नाही.

प्रत्येक ठोकळ्यात मागच्याचा ठसा गुंफलेला असल्यामुळे मधल्या एखाद्या नोंदीत फेरफार केला, तर तिचा ठसा बदलतो, पुढच्या ठोकळ्यातील उल्लेख चुकीचा ठरतो आणि फेरफार उघड होतो. हे तत्त्व बिटकॉइनपेक्षा जुने आहे. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली दस्तऐवजावर कालमुद्रा उमटविण्यासाठी अशीच साखळी सुचविली होती. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांच्या लेखनाचा आधार स्पष्टपणे घेतलेला आहे. ‘ब्लॉकचेन’ हा जोडशब्द मात्र त्या निबंधात नाही. तेथे ‘ब्लॉक’ आणि ‘चेन’ हे शब्द सुटे येतात. सामासिक शब्द नंतर रूढ झाला, आणि समास झाल्याबरोबर त्याला एका स्वतंत्र वस्तूचे वजन प्राप्त झाले.

हे मूलतत्त्व इतक्या थोडक्या ओळींत हाताला लागेल असे मांडणे, हा ‘स्नेककॉइन’चा निर्विवाद गुण होय. पायथनची वाक्यरचना साध्या इंग्रजी गद्याच्या जवळ जाणारी असल्यामुळे नवशिक्या वाचकालाही क्रम कळतो. परंतु लघुरचनेचा धोकाही येथेच सुरू होतो. सूत्र समजले म्हणजे शास्त्र समजले, असा भास ती उत्पन्न करते.

२. साखळीचे बळ कोठे आहे

पहिल्या भागात एक आद्य ठोकळा तयार होतो आणि त्यामागून वीस ठोकळे क्षणार्धात जोडले जातात. विद्यार्थ्याला वाटते की आता ही नोंद अभेद्य झाली. वस्तुतः ती तशी झालेली नाही. जो संगणक वीस ठोकळे एका क्षणात रचू शकतो, तोच सातव्या ठोकळ्यातील मजकूर बदलून पुढचे तेरा ठोकळे दुसऱ्या क्षणात पुन्हा रचू शकतो. सर्व ठसे पुन्हा परस्परांशी जुळतात आणि फेरफाराची खूण उरत नाही. ज्याच्या हाती एकमेव वही आहे, त्याला वहीच्या पानांवरील आकड्यांचे भय नसते.

म्हणजे साखळीचे बळ ठशाच्या गणितात एकट्याने नाही. ते दोन गोष्टींतून येते: पुन्हा रचण्यास लागणारा खर्च, आणि मूळ प्रत अन्य कोणाजवळ असणे. हेबर व स्टॉर्नेटा यांच्या रीतीने काम करणाऱ्या संस्थेने १९९५ पासून आपल्या साखळीचा ठसा न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रात छापण्यास सुरुवात केली, ती याच कारणासाठी. असंख्य घरांत पोचलेला अंक परत गोळा करून बदलणे कोणाला शक्य नव्हते. तेथे सुरक्षितता गणिताने आणली तितकीच छापील कागदाने व वाचकांच्या संख्येने आणली.

भिवंडीच्या परिसराला ही कल्पना परकी नाही. शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७, या वर्षीच्या शिलाहार राजा अपराजित याच्या भादाणे ताम्रपटात भादाणे गाव लोनादित्याच्या देवालयास दिल्याची नोंद आहे. ते देवालय आजच्या लोनाडचे. ही दोन्ही स्थळे भिवंडीच्या आसपासची. त्या काळच्या ताम्रपटांचे पत्रे छिद्रातून कडी ओवून एकत्र बांधीत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा उठवीत. मधला पत्रा काढावयाचा किंवा नवा घालावयाचा तर मुद्रा मोडावी लागे. पत्र्यांचा क्रम बांधून टाकणे आणि बंधनावर खूण करणे, ही कल्पना साखळीतील ठशाच्या कल्पनेशी जवळची आहे. परंतु दानाची सुरक्षितता केवळ कडीवर सोपविलेली नव्हती. दानलेखांत गावाच्या सीमा सांगितल्या जात, भावी राजांना विनंती केली जात असे, दान मोडणाऱ्याला शाप दिला जाई. शिलालेखांवरील गद्धेगाळ हा या शापाचाच लोकांना पाहताक्षणी कळणारा अवतार होय. लेख न बदलण्याची हमी लेखाबाहेरील समाजात असते, हे त्या लेखकांना ठाऊक होते. खेळण्यातील साखळी नेमके हेच सांगावयाचे विसरते.

३. श्रमाचा पुरावा

दुसऱ्या भागात ही उणीव ‘श्रमाच्या पुराव्या’ने भरून काढण्याचा प्रयत्न आहे. बिटकॉइनमध्ये नवा ठोकळा जोडणाऱ्याला एक अंक बदलत राहून असा ठसा शोधावा लागतो, जो ठरविलेल्या मर्यादेहून लहान असेल. हा शोध चाचपडतच करावा लागतो. तेथे युक्ती चालत नाही. शिवाय ठोकळ्यातील मजकूर ठशात मिसळलेला असल्यामुळे मजकूर बदलला की सारा श्रम वाया जातो. मजकूर आणि श्रम यांची ही गाठ हाच त्या योजनेचा प्राण आहे.

‘स्नेककॉइन’मध्ये मात्र पुरावा म्हणून अशी संख्या शोधावयास सांगितली आहे, की जिला नऊने आणि मागील पुराव्याच्या संख्येने नि:शेष भाग जावा. शोध मागील संख्येच्या पुढील संख्येपासून सुरू होतो. पहिली संख्या नऊ आहे. थोडा विचार केला तर पुढील संख्या शोधावी लागतच नाही. मागील संख्येची दुप्पट, हेच उत्तर. नऊ, अठरा, छत्तीस, बहात्तर अशी ती मालिका चालते. प्रामाणिकपणे एकेक संख्या तपासणाऱ्याला प्रत्येक वेळी दुप्पट पावले टाकावी लागतात. तिसाव्या पायरीला संख्या साडेनऊ अब्जांच्या पुढे जाते आणि यंत्र रेंगाळू लागते. ज्याला दुपटीचा पाढा येतो, त्याला मात्र काहीच श्रम पडत नाहीत. जो नियम प्रामाणिक माणसाला दमवितो आणि चतुराला मोकळा सोडतो, त्याला पुरावा म्हणता येत नाही.

याहून मोठा दोष असा की या संख्येचा ठोकळ्यातील व्यवहारांशी संबंध नाही. व्यवहार कोणतेही असोत, संख्या तीच राहते. म्हणजे श्रम झाला असे मानले, तरी तो कोणत्या मजकुरासाठी झाला हे सांगता येत नाही. त्यातच एकमताचा नियम ‘जी साखळी सर्वांत लांब ती खरी’ असा ठेवला असून ती आतून जुळते की नाही हे तपासलेले नाही. बिटकॉइनमध्ये आधी वैधता पाहतात आणि मग जिच्यामागे सर्वाधिक श्रम आहे ती साखळी स्वीकारतात. येथे दोन्ही पायऱ्या वगळून केवळ लांबी उरली आहे.

कोणी म्हणेल की खेळण्याकडून इतकी अपेक्षा करू नये. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. लाकडी आगगाडीत वाफ नसते म्हणून कोणी तक्रार करीत नाही. पण लाकडी आगगाडी पाहून मूल वाफेविषयी चुकीचे शिकत नाही. येथे मात्र ‘पुरावा’ हा शब्द वापरून पुरावा नसलेली वस्तू दाखविली जाते. सोपेपणासाठी एखादी गोष्ट गाळणे वेगळे आणि तिच्या जागी विरुद्ध गुणाची वस्तू ठेवणे वेगळे.

४. सही आणि साक्ष

नाकामोतोच्या निबंधात नाण्याची व्याख्याच सह्यांची साखळी अशी केलेली आहे. नाणे देणारा मागील व्यवहाराच्या ठशावर आणि घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीवर आपली सही करतो. हे वर्णन वाचताना मराठी वाचकाला पाठीवर सही होऊन हातोहात फिरणाऱ्या हुंडीची आठवण व्हावी. हुंडी कोणाला द्यावयाची यावरून तिचे शहाजोग, धनीजोग असे प्रकार पडत. पैसे चुकते झाले की ती रद्द करून ठेवीत, म्हणजे एकाच हुंडीवर दोनदा रक्कम उचलली जात नसे. एकच नाणे दोनदा खर्चले जाऊ नये, हा कूटचलनापुढील मुख्य प्रश्न पेढीवर या रीतीने सुटत असे.

‘स्नेककॉइन’मध्ये देणारा, घेणारा आणि रक्कम एवढेच लिहिले जाते. देणाऱ्याची सही नाही, आणि त्याच्याजवळ तेवढी रक्कम आहे काय याची तपासणीही नाही. कोणीही कोणाच्याही नावाने देणे लिहावे आणि साखळीने ते निष्ठेने जतन करावे, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडील लेखपद्धतीने या बाबतीत फार पूर्वी विचार केला होता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणलेखाची रीत सांगताना ऋणकोने स्वहस्ताने पित्याच्या नावासह आपले नाव लिहावे, साक्षीदारांनीही तसेच करावे आणि लेखकाने दोघांच्या सांगण्यावरून लिहिल्याचे शेवटी नमूद करावे, असे म्हटले आहे. मराठी कागदपत्रांत हीच परंपरा ‘बिकलम’ आणि ‘साक्ष’ या शब्दांनी चालू राहिली. ज्याला लिहिता येत नसे, तो ‘निशाणी नांगर’ करी आणि पुढे ‘निशाणी डावा अंगठा’. एका कागदावर देणारा, घेणारा, लिहिणारा आणि पाहणारा अशा चार व्यक्ती स्वतंत्रपणे उभ्या असत. खेळण्यातील साखळीत लिहिणारा तेवढा उरला आहे.

५. अक्षर आणि ठसा

देवनागरी वाचकाच्या दृष्टीने या संहितेत आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो इंग्रजी उदाहरणांवर पोसलेल्या रचनांच्या लक्षात येत नाही. ठसा अर्थाचा निघत नाही, उच्चाराचा निघत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराचाही निघत नाही. तो अक्षरांमागील सांकेतिक क्रमांकांचा निघतो.

‘भिवंडी’ हे नाव घ्यावे. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सहा चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ या प्रचलित रीतीने साठविल्यास ती अठरा बाइट जागा घेतात. तेच नाव ‘भिवण्डी’ असे परसवर्णाने लिहिले तर चिन्हे सात व बाइट एकवीस होतात. मराठी माणसाला ही एकाच गावाची दोन लेखने आहेत. ठशाच्या दृष्टीने ती एकमेकांशी काहीही संबंध नसलेली दोन नावे आहेत. यंत्रमागाच्या व्यवसायानिमित्त येथे मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारे समाज एकत्र राहतात. ‘अन्सारी’ हे आडनाव मराठी कारकून एका तऱ्हेने लिहील आणि हिंदी वळणाचा लेखनिक ‘अंसारी’ असे लिहील. दोन लिप्यांतून आलेल्या नावाचे तर विचारावयासच नको.

याहूनही सूक्ष्म अडचण अशी की डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे शब्दही आतून भिन्न असू शकतात. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ एका स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’नंतर हलन्त व अदृश्य संयोजक टाकून असा तीन प्रकारे उमटविता येतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक करता येतात, तिसरा येत नाही. इंग्रजी शब्दांसाठी लागणारा ‘ॲ’ स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिला आहे की ‘अ’वर चंद्र ठेवून, हा भेदही सामान्यीकरणाने मिटत नाही. म्हणून मराठी मजकुराची साखळी करावयाची तर ठसा काढण्यापूर्वी लेखननियम ठरविणे ही पहिली पायरी असली पाहिजे. हे काम गणितज्ञाचे नव्हे, भाषाशास्त्रज्ञाचे आहे. ते झाले नाही, तर खरा दस्तऐवज खोटा ठरण्याचा प्रसंग खोटा खरा ठरण्याच्या प्रसंगाहून अधिक वेळा येईल.

६. संज्ञांचा विचार

या विषयाची परिभाषा मराठीत अद्याप स्थिरावलेली नाही. ‘कूटचलन’ हा शब्द मात्र बराच रूढ झाला आहे. ‘कूट’ म्हणजे गूढ, जसे कूटप्रश्नात, हा अर्थ येथे अभिप्रेत आहे. पण जुन्या संस्कृत ग्रंथांत ‘कूट’ म्हणजे बनावट. कौटिलीय अर्थशास्त्रात कूटरूप म्हणजे खोटे नाणे, मनुस्मृतीत कूटशासन म्हणजे बनावट राजाज्ञा, आणि कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार. त्या परंपरेत वाढलेल्या पंडिताला ‘कूटचलन’ या शब्दाचा अर्थ विचारला असता, तर त्याने ‘खोटे नाणे’ असेच उत्तर दिले असते. शब्दाच्या पूर्वजन्माची ही छाया त्याच्या आजच्या अर्थावर दोष म्हणून लादणे न्याय्य नाही, पण सावधगिरीची सूचना म्हणून ती लक्षात ठेवण्यास हरकत नाही.

गंमत अशी की ‘हॅश’ या शब्दाला याच ‘कूट’ शब्दाचा तिसरा मराठी अर्थ अधिक जवळचा आहे. ‘हॅश’ म्हणजे तुकडे करणे, बारीक चिरणे. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. दाण्याचे कूट केल्यावर त्यातून पुन्हा अखंड दाणे निघत नाहीत, हा एकमार्गीपणा ठशातही आहे. उपमा येथेच थांबते. दोन प्रकारच्या दाण्यांचे कूट सारखे दिसू शकते, दोन मजकुरांचे ठसे मात्र सारखे येता कामा नयेत.

‘मायनिंग’साठी खाणकाम हा शब्द मूळ निबंधातील सोने काढणाऱ्यांच्या उपमेवरून आला आहे. ही उपमा फसवी आहे. खाणीत सोने आधीपासून असते. येथे आधी काहीच नसते, नियमाने बक्षीस ठरविलेले असते. ‘स्नेककॉइन’मध्ये तर दुपटीचा पाढा म्हणणाऱ्यालाही एक नाणे मिळते. त्या कृतीला खाणकाम म्हणणे हे भाषेने केलेले अतिरिक्त मूल्यदान होय.

७. भिवंडीची कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. भिवंडीतील यंत्रमागाचा मोठा व्यवहार मजुरीवर विणून देण्याचा आहे. व्यापारी सूत देतो, मागमालक त्याचे कापड करून परत करतो आणि ठरलेल्या दराने मोबदला घेतो. माग चालविणाऱ्या कामगाराचा पगारही बहुधा विणलेल्या मीटरांवर अवलंबून असतो. किती सूत दिले, किती मीटर कापड आले, कोणत्या ताक्यात दोष निघाला आणि त्यापोटी किती कापले, हे सारे वहीत लिहिले जाते. या नोंदींवर घराघरांची चूल चालते. अशा ठिकाणी ‘कोणालाही बदलता न येणारी वही’ हे आश्वासन फार मोहक वाटणार यात नवल नाही.

परंतु तंटा बहुतेक वेळा नोंद नंतर बदलल्याचा असेल, की ती मुळात कोणी व कशी लिहिली याचा असेल, हे पाहिले पाहिजे. नव्वद मीटर विणले असता पंचाऐंशी लिहिले गेले, तर साखळी पंचाऐंशी हा आकडा जन्मभर जपून ठेवील. पूर्वीच्या वहीत निदान खाडाखोड करून चूक दुरुस्त होत असे. येथे चुकीलाच अढळपद मिळते. ज्याच्या हाती मोजपट्टी आणि लेखणी आहे, त्याचेच वर्चस्व साखळीत पक्के होते. कामगाराची स्वतंत्र सही, मोजणीच्या वेळची त्याची उपस्थिती आणि नोंदीची त्याच्या हातातील प्रत, या तीन गोष्टी असतील तर साध्या कागदाची वहीही पुष्कळ काम देईल. त्या नसतील तर ६४ चिन्हांचा ठसाही त्याच्या उपयोगी पडणार नाही.

हाच विवेक मोठ्या योजनांनाही लागू आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनच्या साहाय्याने पडताळता येतील अशी व्यवस्था करण्याचे काम हाती घेण्यात आले. बनावट प्रमाणपत्र ओळखण्यासाठी ही रीत निश्चितच उपयुक्त आहे, कारण तेथे ‘हा कागद कार्यालयाने दिलेलाच आहे काय’ एवढाच प्रश्न असतो आणि ठसा त्याचे अचूक उत्तर देतो. पण प्रमाणपत्र देताना केलेली चौकशी बरोबर होती काय, याचे उत्तर ठशाजवळ नाही. ते चौकशी करणाऱ्या माणसाजवळ आहे.

तात्पर्य, ‘स्नेककॉइन’ ही संहिता प्रवेशिका म्हणून वाचनीय आहे, पण तिच्यावरच अभ्यास थांबविणे हितावह नाही. तिचा उत्तम उपयोग करावयाचा तर विद्यार्थ्याला ती रचावयास सांगून तेथेच सोडू नये, ती मोडावयासही सांगावे. सातवा ठोकळा बदलून पुढची साखळी पुन्हा जुळवावी, दुपटीने पुरावा तयार करावा, दुसऱ्याच्या नावाने देणे लिहावे, एकाच गावाचे नाव दोन प्रकारे लिहून दोन ठसे काढावेत. या चार कृती मिळून फार तर तासाभराचे काम आहे. त्यानंतर सही का लागते, प्रती अनेकांजवळ का असाव्या लागतात आणि श्रम मजकुराशी का बांधावा लागतो, हे वेगळे शिकवावे लागणार नाही. नोंद टिकविणे हे यंत्राचे काम आहे. नोंद खरी करणे हे साक्षीचे काम आहे, आणि साक्ष माणसालाच द्यावी लागते.